पेशीपटल आणि पेप्टॉइड : प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर २०२५

१६ जून, सोमवार

प्रकल्प आज कागदावर पक्का झाला. प्रश्न एका ओळीचा आहे: आपण बनवलेला रेणू कोणतं पेशीपटल फोडतो आणि कोणतं सोडतो? फोडण्यावर जगभर भरपूर काम झालंय. माझा जीव सोडण्यात अडकलाय. जिवाणूबरोबर रुग्णाच्या तांबड्या पेशीही फुटणार असतील तर त्याला औषध म्हणता येत नाही.

पार्श्वभूमी लिहून ठेवते. १९८७ मध्ये मायकेल झासलॉफ यांना आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकाच्या कातडीत मॅगेनिन सापडलं. २३ अमिनो आम्लांची ही साखळी, पीळ पडला की एका अंगाला धनभारित आणि दुसऱ्या अंगाला तेलकट होते. जिवाणूच्या पटलात ऋणभारित लिपिड (पटल बनवणारे स्निग्ध रेणू) भरपूर असतात, आपल्या पेशींच्या पटलाचा बाहेरचा थर मात्र जवळजवळ भाररहित असतो. म्हणून हे रेणू आधी जिवाणूकडे ओढले जातात. अडचण अशी की पेप्टाइड शरीरात गेलं की प्रथिनं तोडणारी विकरं त्याचे तुकडे पाडतात.

म्हणून आमचे रेणू पेप्टॉइड आहेत, म्हणजे पेप्टाइडची कृत्रिम भावंडं. त्यांच्यात बाजूची साखळी कार्बनवर नसते, शेजारच्या नायट्रोजनवर असते. एवढ्याशा बदलाने विकरांची पकड सुटते. नायट्रोजनवर हायड्रोजनच उरत नाही, त्यामुळे कण्यातले हायड्रोजन बंधही गेले. तरी पीळ पडतो, तो बाजूच्या साखळ्यांच्या दाटीमुळे.

आमचा मूळ रेणू 'क' अ‍ॅनेलीस बॅरन यांच्या गटाने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामातला आहे. एक धनभारित घटक आणि त्यामागे दोन फिनाइलएथिल घटक, असं चारदा, म्हणजे एकूण १२ घटक. एका वेढ्यात साधारण तीन घटक बसतात, त्यामुळे चारही भार एका बाजूला येतात. दुसरा रेणू 'ख'. त्यात भार तेवढेच, पण ८ फिनाइलएथिलपैकी ४ काढून त्यांच्या जागी पाण्याशी जास्त जुळवून घेणारे मेथॉक्सिएथिल. दोघांच्या वागण्यातला फरक तेलकटपणामुळे, असं मला म्हणायचंय. मॅडमनी तिथेच बोट ठेवलं: "अगं, पीळही बदलेल ना. सीडी काढल्याशिवाय हे वाक्य लिहायचं नाही." (सीडी म्हणजे रेणूचा पीळ प्रकाशावरून ओळखण्याची मोजणी.)

१९ जून

'क' रेझिनवर (ज्यांवर साखळी एकेक घटकाने वाढवतात त्या बारीक मण्यांवर) चढवायला घेतला. रॉन झुकरमन आणि सहकाऱ्यांची १९९२ पासूनची पद्धत दोन पावलांची आहे. ब्रोमोअ‍ॅसेटिक आम्ल कार्बोडायइमाइडने सक्रिय करून साखळीच्या टोकाला जोडायचं, मग ब्रोमीनच्या जागी हवं ते प्राथमिक अमाइन बसवायचं. एक घटक झाला की पुन्हा पहिलं पाऊल. पेप्टाइडसाठी लागणारी महागडी संरक्षित अमिनो आम्लं इथे लागत नाहीत. अमाइनच्या बाटल्या रसायनांच्या दुकानात रांगेने मिळतात, प्रत्येक बाटली म्हणजे एक नवी बाजूची साखळी. मला या रसायनाचं सगळ्यात जास्त प्रेम वाटतं ते इथे. धनभारित घटकासाठी एका टोकाला बॉक (तात्पुरतं झाकण घालणारा गट) लावलेलं डायअमिनोब्युटेन वापरलं.

ब्रोमोअ‍ॅसेटिक आम्ल कातडी जाळतं. दुहेरी हातमोजे, सगळं काम हूडमध्ये. लॅबच्या काकांनी हूडची काच स्वतः खाली ओढली, "ताई, हात आत, डोकं बाहेर."

२७ जून

एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणारं यंत्र) एक स्वच्छ शिखर, मासवर (रेणूचं वजन मोजणारं यंत्र) १८१९. हवा तोच रेणू आहे.

आता प्रश्न वजनाचा. शुद्धीकरणात ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्ल असतं, म्हणून लायोफिलायझरमधून (गोठवून सुकवणाऱ्या यंत्रातून) निघालेली पांढरी भुकटी हा त्याचा क्षार आहे. रेणूवर चार बाजूचे आणि एक टोकाचा असे पाच भार, प्रत्येकाबरोबर ११४ वजनाचा एक आम्लाचा अंश. ५ गुणिले ११४ म्हणजे ५७०. एकूण २३८९ मध्ये ५७०, जवळजवळ २४ टक्के. तराजूवर जे दिसतं त्यातलं पाव वजन आपल्या रेणूचं नाहीच. त्यात पुण्याचा पावसाळा, आणि भुकटी हवेतलं पाणी ओढून घेणारी. म्हणून 'ग' नावाचा एक जोडीचा रेणू केला: 'क'मधल्या एका फिनाइलएथिलच्या जागी ट्रिप्टामिन. त्याचा इंडोल २८० नॅनोमीटरला प्रकाश शोषतो, त्यावरून तीव्रता थेट मोजता येते. 'क'साठी अमाइन मोजणारी रंगाची चाचणी 'ग'वर पारखून घेतली. धनभारित रेणू काचेला आणि साध्या प्लास्टिकला चिकटतात, तेव्हा सगळं द्रावण कमी चिकटणाऱ्या नळ्यांमध्ये.

३ जुलै

'ख' तयार. 'क'चं आरशातलं रूपही करायला घेतलं: तीच साखळी, फक्त फिनाइलएथिलअमाइन विरुद्ध हाताचं. ते कशासाठी, ते पुढे.

९ जुलै

लायपोसोम, म्हणजे लिपिडच्या पटलाचे सूक्ष्म पोकळ फुगे. दोन प्रकारची पटलं हवीत. जिवाणूच्या बाजूने पीओपीई (भाररहित 'पीई' जातीचं लिपिड) आणि पीओपीजी (ऋणभारित 'पीजी' जातीचं), तीनास एक. ई. कोलायच्या आतल्या पटलात सुमारे तीन चतुर्थांश पीई, पाचवा हिस्सा पीजी आणि थोडं कार्डिओलिपिन असतं, त्याच्या हे जवळ जातं. आपल्या बाजूने पीओपीसी (भाररहित 'पीसी' जातीचं) आणि कोलेस्टेरॉल.

क्लोरोफॉर्ममधले लिपिड गोल बुडाच्या फ्लास्कमध्ये घेऊन रोटाव्हॅपवर क्लोरोफॉर्म उडवला, लिपिड रात्रभर व्हॅक्यूमवर ठेवले. सकाळी काचेच्या आतून दुधट पापुद्रा दिसत होता. त्यात कॅलसीन या चमकणाऱ्या रंगाचं ७० मिलिमोलर द्रावण घालून ढवळलं. गोठवणं आणि वितळवणं झाल्यावर एक्स्ट्रूडर. दोन सिरिंजांच्या मधे १०० नॅनोमीटर छिद्रांची पॉलिकार्बोनेटची चकती, आणि द्रावण इकडून तिकडे दाबत राहायचं. मनगटाला सोऱ्यातून चकली पाडताना लागतो तसाच जोर लागतो, आणि जोर एकसारखा लागला तरच माल एकसारखा उतरतो. पीओपीई २५ अंशाच्या आसपास घट्ट होतं आणि जुलैत लॅबचं तापमान नेमकं तिथेच घुटमळतं, म्हणून पीईच्या मिश्रणासाठी ठोकळा ४५ अंशांवर तापवून घेतला.

मग सेफाडेक्सचा (मोठे आणि लहान कण वेगळे करणाऱ्या जेलचा) स्तंभ. हे पाहताना आज हातातलं काम थांबलं. कॅलसीन इतकं दाट असताना चमकत नाही, स्वतःचाच प्रकाश गिळतं, त्यामुळे वर ओतलेला थेंब मातकट नारिंगी. बफर सोडला तसे त्याचे दोन पट्टे झाले. पुढचा फिकट, किंचित गढूळ नारिंगी. त्यात लायपोसोम, रंग पोटात कोंडलेला. मागचा पट्टा मोकळ्या रंगाचा, आणि खाली उतरता उतरता जिथे तो विरळ झाला तिथे कडेने हिरवा पेटत गेला. आमच्या सगळ्या मोजणीचं तत्त्व त्या काचेच्या नळीत उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. कोंडलेला रंग मंद, सुटलेला रंग तेजस्वी.

बाहेरच्या बफरमध्ये मीठ घालून त्याचा परासरणदाब आतल्या कॅलसीनइतका करून घेतला होता. तो जुळला नाही तर लायपोसोम पाणी पिऊन फुगतात आणि रेणूने हात लावण्याआधीच गळू लागतात.

११ जुलै

लिपिडची तीव्रता. स्ट्यूअर्टची पद्धत पीजीला नीट दाद देत नाही, त्यामुळे वेळ लागला तरी फॉस्फेट मोजण्याची जुनी बार्टलेट पद्धत. मॉलिब्डेटचा निळा रंग छान उतरला.

१५ जुलै

गळतीचं पहिलं वाचन. ४९० नॅनोमीटरचा प्रकाश आत, ५२० ला मोजणी. आधी रेषा सपाट आहे ना ते पाहिलं, मग 'क' टाकला, शेवटी ट्रायटॉन (साबणासारखं द्रव्य) घालून सगळे लायपोसोम विरघळवले. ट्रायटॉनची उंची म्हणजे १०० टक्के.

पीई-पीजीवर 'क' टाकताच रेषा उभी चढली, पहिल्या मिनिटातच बरंच काही आटोपलं, आणि मग ती वाकून सपाट झाली. पीओपीसी-कोलेस्टेरॉलवर तेवढ्याच मात्रेला जवळजवळ काहीच नाही. मात्रा वाढवत नेली तेव्हा तिथेही हळूहळू गळती दिसू लागली. 'ख' कोलेस्टेरॉलच्या पटलावर सर्वात मोठ्या मात्रेलाही गप्प, पण पीई-पीजीवरही त्याची चाल मंद.

कॅलसीन स्वतः ऋणभारित आहे, तेव्हा धनभारित 'क' त्यालाच चिकटून प्रकाश बदलत नाही ना, हे मोकळ्या कॅलसीनवर 'क' टाकून तपासलं. बदल नाही. आता आकड्यांवर विश्वास ठेवता येतो.

१८ जुलै

तुलनेसाठी मेलिटिन, मधमाशीच्या विषातलं २६ अमिनो आम्लांचं पेप्टाइड. दोन्ही पटलांवर गळती, सरसकट. मला हे वाचन फार मोलाचं वाटतं. फक्त पीई-पीजीचा आलेख दाखवून 'आमचा रेणू प्रभावी आहे' असं लिहिता येतं, आणि लिहिलंही जातं. पण त्या आलेखावर मेलिटिनही तितकंच गुणी दिसतं. दुसरं पटल शेजारी ठेवल्याशिवाय पहिल्या पटलावरच्या आकड्याला अर्थ येत नाही. माझ्या अहवालात दोन्ही रेषा एकाच चौकटीत असतील, वेगळ्या पानांवर नाही.

२२ जुलै

रेषा अर्ध्यावर का थांबते? रेणू शिल्लक आहे, रंग शिल्लक आहे, तरी गळती थांबते. दादाशी (पीएचडीचं चौथं वर्ष) यावर बराच वेळ बोलणं झालं. पन्नास टक्के गळतीचे दोन अर्थ निघतात: प्रत्येक लायपोसोमने अर्धा रंग गमावला, किंवा अर्ध्या लायपोसोमनी सगळा. आलेख दोन्हीकडे सारखाच दिसतो.

दादा म्हणाला, "परत कॉलमवरून काढ. जे आत उरलंय त्याची चमक बघ."

गळती थांबलेला नमुना स्तंभातून काढला, लायपोसोमचा पट्टा गोळा केला, ट्रायटॉनच्या आधी आणि नंतर प्रकाश मोजला. आत उरलेला रंग सगळीकडून थोडा थोडा कमी झाला असता तर त्याची दाटी उतरली असती आणि तो आधीच थोडा चमकला असता. तसं झालं नाही. उरलेला रंग ताज्या लायपोसोमइतकाच मंद होता. म्हणजे जे फुटले ते पूर्ण रिकामे झाले आणि जे वाचले ते पूर्ण वाचले. मॅगेनिनबद्दलही असाच निष्कर्ष वाचला होता.

यामागचं चित्र मला असं पटतं: रेणू आधी फक्त बाहेरच्या थरात घुसतात, बाहेरचा थर पसरू पाहतो, आतला जागच्या जागी असतो, पटलावर ताण येतो. कुठेतरी तो ताण क्षणभरच्या छिद्रातून मोकळा होतो, रंग निसटतो आणि त्याच वाटेने रेणू आतल्या थरातही पोचतात. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की ताण संपला, छिद्रही मिटलं. आणि जिथे रेणू दोन्ही थरांत हळूहळू, छिद्राविना वाटले गेले, तो लायपोसोम रंग न गमावताच सुटला. पुस्तकांतल्या चित्रांत छिद्र कायम उघडं दाखवतात, नीट रचलेल्या नळीसारखं. आमच्या आलेखात तसं काही दिसत नाही.

२९ जुलै

मिठाचा परिणाम. कमी क्षारांच्या आणि १५० मिलिमोलर मिठाच्या अशा दोन बफरांत तुलना, परासरणदाब जुळवायला कमी क्षाराच्या बफरमध्ये साखर. मिठात 'क'ची गळती उतरली, 'ख'ची जवळजवळ बंद. १५० मिलिमोलरला भारांची ओढ सुमारे ०.८ नॅनोमीटरवरच झाकली जाते, १० मिलिमोलरला तीच ३ नॅनोमीटरपर्यंत पोचते. रक्तातलं मीठ १५० च्या घरातलं, म्हणून पुढचं सगळं मिठातच.

२ ऑगस्ट, शनिवार

पिंपरीला काम होतं. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या आवारावरून गेले. १९५४ मध्ये उभी राहिलेली ही कंपनी, देशातलं पेनिसिलिन इथे बनू लागलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. हॅमायसिन इथेच सापडलं हे फार थोड्यांना. डॉ. थिरुमलाचार यांच्या गटाने ते मातीतल्या ज्या सूक्ष्मजीवातून काढलं, त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. बुरशीविरोधी हॅमायसिन पटलावरच काम करतं: बुरशीच्या पटलात अर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पटलात कोलेस्टेरॉल, आणि पॉलिईन जातीच्या या रेणूंचा ओढा अर्गोस्टेरॉलकडे जास्त. पटल निवडून मारण्याचा प्रश्न या शहराने साठ वर्षांपूर्वी हाताळला होता, तोही बाजारात औषध आणण्यापर्यंत. मला याचा मनापासून अभिमान वाटतो, आणि हा इतिहास आपल्या बीएस्सीच्या वर्गांत सांगितला जात नाही याचं वाईट वाटतं.

८ ऑगस्ट

लँगम्युअर ट्रफ. पाण्यावर लिपिडचा एकपदरी थर पसरायचा, कडेच्या पट्ट्या आत सरकवून ३० मिलिन्यूटन प्रति मीटर दाबाला आणायचा (३० ते ३५ ला थराची दाटी खऱ्या पटलाच्या जवळची मानतात), आणि थराच्या खालून पाण्यात 'क' सोडायचा. रेणू थरात घुसला तर दाब चढतो.

ढोलपथकांचे सराव सुरू झालेत. संध्याकाळी नदीकाठाकडून ठेका आला की टेबल हलल्याचं आपल्याला कळतही नाही, पण तारेला टांगलेल्या कागदाच्या पट्टीला कळतं, आणि आलेखाची रेषा दाटून जाड होते. म्हणून वाचनं पहाटे. सहाला लॅब उघडायला काका आले, चहाही घेऊन आले.

पीजीच्या थराखाली 'क' सोडल्यावर दाब चांगला चढला आणि टिकला. पीसीच्या थराखाली जेमतेम. 'ख' पीजीखाली थोडा चढवतो, पण थर दाबून दाट केला की आत शिरत नाही. म्हणजे भाराच्या ओढीने पृष्ठभागापर्यंत दोघेही पोचतात. आत घुसण्याचं बळ तेलकट बाजूतून येतं.

ही पद्धत मूळ अ‍ॅग्नेस पॉकेल्स यांची. ब्राउनश्वाइगमध्ये घर सांभाळत, विद्यापीठाची पायरी न चढता, त्यांनी स्वयंपाकघरात पाण्याच्या पृष्ठभागावर मोजमापं केली. लॉर्ड रॅलींना लिहिलेलं त्यांचं पत्र १८९१ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. लँगम्युअर यांचं काम १९१७ चं. ट्रफवर नाव लँगम्युअर यांचं आहे, आमच्या वहीत मी दोन्ही नावं लिहिते.

१३ ऑगस्ट

कोलिस्टिनबद्दल वाचत होते. शेवटच्या फळीतलं हे प्रतिजैविक, तेही धनभारित, तेही पटलावर काम करणारं. २०१५ मध्ये चीनमधून एमसीआर-१ जनुकाची बातमी आली: जिवाणू आपल्या बाहेरच्या पटलातल्या लिपिड-एवर एक जादा गट चिकटवतो, ऋणभार कमी होतो, कोलिस्टिनची पकड सुटते. हे जनुक एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकतं. भारताने २०१९ मध्ये कोंबड्या आणि जनावरांच्या खाद्यात कोलिस्टिनवर बंदी घातली. त्याच वर्षी जगभरात प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट झालेल्या मृत्यूंचा अंदाज १२ लाख ७० हजारांचा आहे.

स्टॅफिलोकॉकस ऑरियसही असंच करतो, पीजीवर लायसिन चढवून त्याचा ऋणभार उलटवतो. मग आमचा रेणू भारावर किती विसंबून आहे, हे विचारायलाच हवं. पीजी कमी करून नऊस एकचे लायपोसोम करायचे.

२० ऑगस्ट

नऊस एकवर 'क' अजून गळती करतो, मात्रा जास्त लागते. 'ख' तिथे निष्प्रभ.

आरशातल्या रूपाचंही झालं. सीडीवर 'क'चे २०० ते २२० च्या पट्ट्यात दोन खड्डे, आरशाचे तिथेच दोन उंचवटे. गळती दोघांची सारखी. १९९० मध्ये मेलिटिन, सिक्रोपिन आणि मॅगेनिनची विरुद्ध हाताची रूपंही तितकीच प्रभावी निघाली होती. कुलूपकिल्लीने बसणारा ग्राही असता तर विरुद्ध हाताचा रेणू असा चालला नसता. लढत पटलाशीच आहे.

आणि 'ख'चा सीडी. मॅडमनी जूनमध्ये म्हटलं होतं तेच: खड्डे उथळ, पीळ ढिला. मेथॉक्सिएथिलला हात नाही (त्याचं आरशातलं रूप वेगळं नसतं), ते साखळीला वळण लावू शकत नाही. तेव्हा 'ख' मवाळ आहे तो कमी तेलकट म्हणून की ढिला म्हणून, हे या जोडीवरून सांगता येत नाही.

२५ ऑगस्ट

गटाची बैठक, गणपतीच्या सुट्टीआधीची. मॅडमनी फळ्यावर आमच्या लायपोसोममध्ये नसलेल्या गोष्टी लिहायला लावल्या: पेशीभित्तिका, बाहेरचं लिपोपॉलिसॅकराइडचं पटल, दोन थरांतला लिपिडचा फरक, पटलावरचा विद्युतदाब, आणि जिवंत पेशीची स्वतःला दुरुस्त करण्याची ताकद. मी म्हटलं, "मॅडम, मग एवढं करून हातात काय राहतं?"

"राहतं ना. जिवंत पेशीत एकावेळी वीस गोष्टी बदलतात. तू फक्त कोलेस्टेरॉल बदललंस, फक्त पीजी बदललंस. 'का' विचारायचं असेल तर इथेच विचारता येतं. 'किती' ते पेशी सांगतील."

तांबड्या पेशींवरची आणि जिवाणूंवरची चाचणी शेजारच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या गटाकडे दिली. त्यांना 'क', 'ख' आणि आरसा, तिन्ही कुप्यांवर फक्त क्रमांक लिहून पाठवतेय, कोणता कोणता ते न सांगता.

९ सप्टेंबर

पुढचा रेणू 'घ' ठरला. 'क'मधल्या त्याच चार जागी फिनाइलएथिलऐवजी सेक-ब्युटिल, एकाच हाताचं. बेंझिनचं कडं गेल्याने तेलकटपणा उतरेल, पण नायट्रोजनशेजारचा कार्बन हाताचाच राहील, म्हणजे पीळ 'ख'पेक्षा घट्ट असायला हवा. सीडी आधी, गळती नंतर. 'घ'चा पीळ 'क'च्या जवळचा निघाला आणि कोलेस्टेरॉलच्या पटलावर तो 'ख'सारखा गप्प राहिला, तर तेलकटपणाबद्दलचं जूनमधलं वाक्य लिहिता येईल. पीळ मधेच लटकला तर चारऐवजी दोन जागा बदलून 'च' करावा लागेल, त्याची साखळीही आजच आखून ठेवली.

अमाइनच्या मागणीवर मॅडमची सही झाली. रेझिन डायमिथाइलफॉर्मामाइडमध्ये फुगायला ठेवलंय. पहिले तीन घटक दोन्ही रेणूंत सारखेच आहेत, ते उद्या चढवून घेते, बाटली येईपर्यंत.